ढग म्हणजे पखाल नव्हे, साहेब

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ढगफुटीची बातमी आली, आमच्याच भागातली. बातमीच्या शेवटच्या ओळीत आकडा होता ७१ मिलीमीटर आणि तोपण चोवीस तासांचा. पाऊस जोरात झाला हे खरंय, ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं हेही खरं, माझी स्वतःची गाडी तासभर पलीकडे अडकून पडली होती, पण ७१ ला ढगफुटी म्हणायचं तर महाबळेश्वरला जुलैमध्ये दिवसाआड ढगफुटी होते असं लिहावं लागेल, आणि तिथली माणसं त्यातच घोंगडी घेऊन दूध आणायला बाहेर पडतात.

हवामान खात्याचा हिशोब सरळ आहे. एका तासात १०० मिलीमीटर किंवा त्याच्या वर, आणि तेही वीस-तीस चौरस किलोमीटरच्या छोट्या पट्ट्यात, तर ती ढगफुटी. चोवीस तासात ६४.५ ते ११५.५ म्हणजे मुसळधार, तिथून २०४.४ पर्यंत अतिमुसळधार, आणि त्याच्याही पुढे गेलं तर अत्यंत मुसळधार. म्हणजे तुमची ढगफुटी ही साधी मुसळधार होती, तीपण पहिल्या पायरीवरची.

आता तुम्ही म्हणाल एका शब्दावरून एवढं लांबलचक पत्र कशाला. कारण असं की ढगफुटी म्हटलं की माणसाच्या डोळ्यासमोर पखाल येते, पाणी वाहायची कातड्याची पिशवी. आकाशात पाण्याने भरलेली एक मोठी पखाल तरंगतेय, कुठेतरी टचकन फुटली आणि सगळं पाणी धाडकन खाली आलं. मग याच चित्रावरून पुढचं सगळं निघतं, की विमानाने ढगाला भोक पाडलं की पाऊस पडतो, की पलीकडच्या जिल्ह्याने आमचा ढग पळवला, की हवामान खात्याला एवढी मोठी पखाल दिसत कशी नाही. चहाच्या टपरीवर रोज हेच चालू असतं. मीपण त्यातलाच होतो, खोटं कशाला बोलू.

मी वाईत राहतो, टुरिस्ट गाडी चालवतो, सोळा वर्षं झाली. पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर आणि परत. पावसाळ्यात धंदा मंदा असला तरी चक्कर चुकत नाही, आणि पाऊस शिकायला या रस्त्यासारखी शाळा नाही बघा. खाली वाईत वायपर बंद असतो, घाटात निम्म्यावर आलं की भुरभुर लागते, पाचगणीत वायपर एक नंबरवर, आणि वेण्णा लेकच्या आसपास तीन नंबरवर टाकून पण बोनेटच्या पुढचं दिसत नाही, भर दुपारी हेडलाईट. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच ते सहा हजार मिलीमीटर पडतो, पाचगणीला अठराशेच्या आसपास आणि वाईला हजाराच्या आत. सरळ रेषेत मोजलं तर वाई ते महाबळेश्वर अंतर चोवीस-पंचवीस किलोमीटर. अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीला धडकून वर चढतो, चढताना थंड होतो, पाणी टाकतो, आणि आमच्या बाजूला उतरताना परत गरम होऊन ढग विरून जातो, हे शाळेत सगळ्यांनीच घोकलंय.

पण घोकलेलं आणि बघितलेलं यात फरक असतो. महाबळेश्वरला पुण्याच्या आयआयटीएमची म्हणजे भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेची ढगांची प्रयोगशाळा आहे, २०१२ पासून. उंची समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास. आमच्याकडच्या निम्म्या लोकांना ती माहीत नाही आणि ज्यांना माहीत आहे त्यांना वाटतं तिथे अंदाज सांगतात, म्हणजे गेटवर जाऊन उद्या पाऊस हाय का विचारणारे पण आहेत. चार-पाच वर्षांपूर्वी पुण्याहून पीएचडी करणारी दोन-तीन पोरं माझ्या गाडीत भाड्याने यायची, खोकी बरोबर घेऊन. खोकी सांभाळून ठेवा काका, आम्ही भिजलो तरी चालेल, असं म्हणायची. त्यातल्या एका पोरीला मी विचारलं की बाई विमानं आहेत, सॅटेलाईट आहेत, तर तुम्ही या धुक्यात काय करता. ती हसून म्हणाली काका हे धुकं नाही, हा ढगच आहे. दुसरीकडे ढगात शिरायला विमान लागतं, इथे पावसाळ्याचे चार महिने ढग स्वतः येऊन दारात बसतो, आपण फक्त मशीन बाहेर ठेवायचं.

तोवर अकरा-बारा वर्षं मी ढगातून गाडी चालवत होतो आणि त्याला धुकं म्हणून शिव्या घालत होतो.

मग तिने मला एक मशीन दाखवलं. त्याला डिस्ड्रोमीटर म्हणतात. दिसायला काय विशेष नाही, खांबावर दोन डोकी समोरासमोर, हरणाच्या शिंगासारखी. एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात लेझरचा चपटा पट्टा जातो, रिबिनीसारखा, आपल्याला तो दिसत नाही. पावसाचा थेंब त्या पट्ट्यातून खाली गेला की तेवढ्यापुरता उजेड अडतो. किती अडला त्यावरून थेंब केवढा ते कळतं आणि किती वेळ अडला त्यावरून तो किती जोरात पडत होता ते. असे थेंब मोजत बसायचं, दिवसरात्र, मिनिटामिनिटाला, पूर्ण पावसाळा. दुसऱ्या जातीचं पण एक असतं, त्यात थेंब वरून एका गोल तबकडीवर आपटतो आणि आपटण्याच्या ठोक्यावरून आकार काढतात. मी म्हंटलं थेंब मोजून काय करणार, पाऊस किती पडला ते तर पर्जन्यमापकाचं साधं नरसाळं पण सांगतं. ती म्हणाली किती पडला ते नरसाळं सांगतं, कसा पडला ते नाही सांगत.

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. घरी येऊन मी तिनेच सांगितलेला एक प्रयोग केला. अमेरिकेत बेंटली नावाचा एक शेतकरी होऊन गेला, बर्फाच्या कणांचे फोटो काढायचा म्हणून प्रसिद्ध आहे, त्याने १९०४ साली पावसाच्या थेंबांवर लिहिलं होतं आणि थेंब मोजायला त्याने वापरलं काय तर पीठ. परातीत बोटभर जाडीचा मैदा चाळून पसरायचा, वर झाकण धरून अंगणात जायचं, झाकण काढायचं, दोन-तीन आकडे मोजायचे आणि परत झाकून घरात यायचं. जिथे जिथे थेंब पडला तिथे मैद्याची गोळी झालेली असते, ती वाळू द्यायची आणि हळूच चाळायची. बायको म्हणाली मैदा वाया घालवताय, पण पोरांना लय मजा आली. वाईतल्या वळवाच्या पावसात हरभऱ्याच्या डाळीएवढ्या मोजक्याच गोळ्या निघाल्या. मग एका रविवारी परात गाडीत घालून महाबळेश्वरला नेली, तिथे पाऊस डोळ्याला जास्त दिसत होता पण गोळ्या निघाल्या राजगिऱ्याएवढ्या, आणि एवढ्या की मोजता मोजता पोरगं कंटाळलं. म्हणजे एकाच आभाळातला एकच पाऊस नसतो. मोसमात घाटावरच्या बुटक्या ढगातून बारीक आणि भरपूर थेंब पडतात आणि आमच्यासारख्या मागच्या बाजूला उंच वाढलेल्या ढगातून मोठे पण कमी, असं प्रयोगशाळेची मशीनं सांगतात आणि माझी परात पण तेच सांगत होती. एका परातीवरून शास्त्र होत नाही हे मला कळतं, पण डोळ्याने बघितल्याचा आनंद वेगळाच.

आता पखालीकडे येतो. ढगातला पाण्याचा कण साधारण २० मायक्रॉन जाडीचा असतो, मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. तो खाली पडतच नाही म्हणा ना, सेकंदाला सेंटिमीटरभर सरकतो आणि खालून वारा आला की परत वर. जमिनीवर पडणारा चांगला थेंब २ मिलीमीटरचा. म्हणजे जाडी शंभरपट, पण पाणी शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर, दहा लाख पट. दहा लाख कण एकत्र आले तर आपल्या टोपीवर एक टप्प वाजतं. वाफ बसून बसून कण थोडा मोठा होतो पण पुढे त्याची वाढ फार मंदावते, तेवढ्यावर पाऊस व्हायचा तर दिवस उलटून जाईल. खरी गंमत होते ती ४० मायक्रॉनच्या आसपास काही कण पोचले की, ते बाकीच्यांपेक्षा जोरात खाली यायला लागतात आणि वाटेत दिसेल त्याला गिळत येतात, एस्टीत दारातून शिरणारी गर्दी जशी पुढच्याला आपल्यात ओढत जाते तसं. पुढे पाच-सहा मिलीमीटरच्या वर थेंब गेला की हवाच त्याला फोडते, म्हणून नारळाएवढा थेंब कधी पडत नाही. घाटावर मोसमात बराचसा पाऊस याच पद्धतीने होतो, बर्फ लागतच नाही, कारण त्या दिवसात शून्य डिग्री यायला पाच किलोमीटरच्या वर जावं लागतं आणि आपले घाटावरचे ढग बऱ्याचदा तिथपर्यंत पोचतच नाहीत.

आणि ढगाचा प्रत्येक कण कशाभोवती तरी बसलेला असतो. धूळ, धूर, समुद्राचं मीठ, काहीतरी लागतंच, नुसत्या हवेत वाफ जमत नाही. प्रयोगशाळेत याचं पण एक मशीन आहे, बाहेरची हवा आत ओढायची, ओल्या भिंतीच्या उभ्या नळीतून सोडायची, तिथे मुद्दाम दमटपणा शंभर टक्क्यांच्या किंचित वर न्यायचा आणि किती धूलिकणांवर पाणी बसलं ते मोजायचं. म्हणजे कपाटाएवढ्या डब्यात छोटा ढग तयार करतात आणि विचारतात की आजच्या हवेत ढग व्हायची लायकी किती. समुद्रावरच्या स्वच्छ हवेत असे कण घन सेंटिमीटरला शंभराच्या आसपास असतात, जमिनीवरच्या मळक्या हवेत हजाराच्या घरात जातात. पाणी तेवढंच आणि वाटेकरी दहापट, मग प्रत्येकाच्या वाट्याला थेंबुटकं येतं, ते एवढं बारीक की एकमेकाला आपटायच्या आधीच वाऱ्याबरोबर बाजूला सरकतं आणि पाऊस लांबतो. म्हणून आभाळ भरून येतं, काळं होतं, आणि तसंच पुढे जातं. आपण म्हणतो ढगाने हूल दिली. हूल नाही, वाटण्या जास्त झाल्या. अर्थात दरवेळी हेच कारण असतं असं नाही, वाराच खाली दाबत असेल तर कण कितीही असोत काही होत नाही, आणि नेमकं कुठल्या दिवशी कुठलं कारण हे शोधायलाच तर ही पोरं खोकी घेऊन येतात.

आता रडारचं सांगतो, कारण तुमच्या पेपरात दर पावसाळ्यात रडारवर एक तरी खरमरीत अग्रलेख असतो, की एवढी कोट्यवधीची रडारं असून अंदाज चुकतो कसा. रडार पाऊस मोजत नाही साहेब. रडार थेंबांवरून उलटून आलेला सिग्नल मोजतं आणि त्यावरून पावसाचा हिशोब करायचा असतो, इथेच गोची आहे. थेंबाची जाडी दुप्पट झाली की त्यातलं पाणी आठपट होतं पण त्याच्याकडून परत येणारा सिग्नल चौसष्टपट होतो. म्हणजे २ मिलीमीटरचा एक थेंब आणि १ मिलीमीटरचे ६४ थेंब रडारला अगदी सारखे दिसतात, पण ६४ बारीक थेंबात पाणी आठपट जास्त असतं. आता माझी परात आठवा. घाटावर बारीक थेंबांचा खच असतो, म्हणजे रडारवर फिकं दिसणार आणि जमिनीवर मात्र धो धो. १९४८ साली कॅनडात मार्शल आणि पामर या दोघांनी थेंबांच्या आकाराचा एक हिशोब मांडला, तो अजून सगळीकडे शिकवतात, पण तिथल्या पावसाचा हिशोब सह्याद्रीला जसाच्या तसा लावला की फसगत ठरलेली. म्हणून इथलं सूत्र इथलेच थेंब मोजून काढावं लागतं, त्याला शॉर्टकट नाही.

मांढरदेवच्या डोंगरावर, काळूबाईच्या, आयआयटीएमचं एक रडार बसवलेलं आहे, एक्स बँडचं, म्हणजे आखूड लहरींचं. लांबच्या मोठ्या रडारचा किरण अंतर वाढेल तसा जमिनीपासून वर वर जातो आणि घाटावरच्या बुटक्या ढगाच्या डोक्यावरून निघून जातो, त्यामुळे जवळ आणि उंचावर एक रडार पाहिजेच होतं. हे रडार आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी पाठवतं. का, तर मोठा थेंब पडताना हवेच्या दाबाने खालून चपटा होतो, पावाच्या वरच्या अर्ध्या भागासारखा, मग आडवी लहर जास्त परत येते आणि उभी कमी, त्या फरकावरून थेंब बारीक का मोठे ते लांबूनच कळतं. महाबळेश्वरला याच्या जोडीला एक छोटं रडार आहे ते टीव्हीच्या डिशसारखं, पण तोंड सरळ आभाळाकडे. ते फक्त आपल्या डोक्यावरचा खांब बघतं, शंभर-दोनशे मीटरच्या टप्प्याटप्प्याने, की थेंब कुठून निघाले, खाली येताना वाढले का वाटेत आटले. १ मिलीमीटरचा थेंब सेकंदाला ४ मीटरने पडतो आणि ५ मिलीमीटरचा ९ मीटरने, त्यामुळे वेग कळला की आकार कळतो. मला यातलं हेच सगळ्यात आवडलं. पडण्याच्या घाईवरून थेंबाची तब्येत ओळखायची.

बरं, पखाल नाही तर मग एवढं पाणी येतं कुठून. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेच्या उभ्या खांबातली सगळीच्या सगळी वाफ पिळून काढली तरी ६०-६५ मिलीमीटर पाणी निघेल. सगळी, शेवटच्या थेंबापर्यंत. रोज दोनदा फुगे सोडून आणि मायक्रोवेव्ह रेडिओमीटर नावाच्या यंत्राने हे मोजतात. आणि २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला पडला ९४४ मिलीमीटर, चोवीस तासात. एक ढग फुटून एवढं येणं शक्यच नाही. ढग पखाल नाही, ढग हे रहाटगाडगं आहे. समुद्राकडून वारा भरलेली गाडगी आणतोय, वर चढवतोय, ओततोय, परत पुढची गाडगी, जोपर्यंत वारा रहाट फिरवतोय तोपर्यंत पाणी येत राहणार. त्याच दिवशी कुलाब्याला ७३-७४ मिलीमीटर पडला, सांताक्रूझपासून गाडीने तासाभराच्या आत. रहाटाचं तोंड कुठे उलटेल हे आदल्या दिवशी सांगता आलं नाही म्हणून आपण शास्त्रज्ञांना वेड्यात काढतो, आणि सांताक्रूझ-कुलाब्याचा हा फरक मात्र कुणाला आठवत नाही.

दुसरं उदाहरण आमचंच. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण बुडालं तेव्हा महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलीमीटर झाला. दोन-तीन दिवस सगळीकडे ढगफुटी ढगफुटी चालू होतं. पण ५९४ ला २४ ने भागा, तासाला २५ सुद्धा येत नाहीत. मधे एखादा तास जास्त असेल, पण ती एका फटक्याची गोष्ट नव्हती, न थांबता पडत राहिलेला पाऊस होता. त्या रात्री मी घरीच होतो, घाट बंद झालेला, तिकडच्या ओळखीच्या हॉटेलवाल्याचा फोन आला तर म्हणाला पाऊस वाढत पण नाही आणि थांबत पण नाही. बातमी होती ती न थांबण्याची. तुमच्या शब्दाने तीच बातमी झाकली गेली, आणि लोक पुढच्या वेळी टचकन फुटण्याची वाट बघत बसतात, तोवर बारा तास संथ पाऊस पिऊन डोंगर भिजून तयार असतो.

कृत्रिम पावसाचं पण थोडं लिहितो कारण दुष्काळ आला की तुमच्याकडे रोज फोटो असतो, विमानाच्या पंखाखाली लावलेल्या नळकांड्यांचा. बारामतीच्या भागात आयआयटीएमने १९७३ ते १९८६ मधे अकरा पावसाळे विमानातून ढगात मीठ फवारून बघितलं होतं. त्यातली खरी अक्कल मिठात नव्हती, कुठल्या दिवशी कुठल्या पट्ट्यात फवारायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवण्यात होती, नाहीतर जिथे पडणारच होता तिथे फवारून श्रेय घ्यायला किती वेळ लागतो. मग २००९ पासून कॅपीक्स नावाचा मोठा प्रयोग सुरू झाला आणि २०१८, २०१९ ला सोलापूरला विमान, रडार, जमिनीवरची मशीनं असा सगळा फौजफाटा उतरवून काही ढगांवर फवारलं आणि काही मुद्दाम तसेच सोडले. निष्कर्ष २०२३ मध्ये छापून आला की योग्य ढग निवडले तर शंभर चौरस किलोमीटरच्या टापूत साधारण १८ टक्के जास्त पाऊस मिळाला. म्हणजे शंभराचे एकशेअठरा. शून्याचे मात्र शून्यच. ढगच नसेल तर फवारणार कशावर. पण पखालीच्या चित्रामुळे लोकांना वाटतं सरकारने विमान पाठवलं नाही म्हणून पाऊस नाही, आणि पुढारी पण तेच वाटू देतात.

याच मशीनांचे आकडे शेवटी अंदाजाच्या मॉडेलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या हवामानाच्या हिशोबात जातात. मे २०२५ मध्ये भारत फोरकास्ट सिस्टीम आली, देशाचे ६ किलोमीटरचे चौकोन पाडून हिशोब करणारी, पुण्यातच तयार झालेली. माझ्या रस्त्यावर वाई ते महाबळेश्वर असे जेमतेम चार चौकोन बसतात. पूर्वीपेक्षा हे खूप बारीक आहे, पण घाटातला एक ढग किलोमीटर-दोन किलोमीटरचा असतो, तो चौकोनात हरवून जातो, मग चौकोनाच्या आत थेंब कसे तयार होतात याचा अंदाजपंचे नियम लिहून द्यावा लागतो. तो नियम कमी अंदाजपंचे करायचं काम महाबळेश्वरच्या त्या खांबावरचं शिंगाचं मशीन करतं. मध्य भारतासाठी मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यात सिलखेड्याला शंभर एकरावर असंच मोठं केंद्र २०२४ मध्ये सुरू झालं, कारण घाटावरचा ढग आणि तिकडच्या सपाटीवरचा ढग यांचा स्वभाव वेगळा. तुमच्या पेपरात मी तरी एक ओळ वाचली नाही.

आता थोडं घरचं गाऱ्हाणं. महसूल मंडळात एका दिवसात ६५ मिलीमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात आणि नुकसानीचे पंचनामे होतात. म्हणजे ६४ आणि ६६ मध्ये माझ्या चुलत्याच्या सोयाबीनचा फैसला. आमच्या भागात एका ठिकाणचा पर्जन्यमापक मी स्वतः बघितलाय, त्याच्या शेजारी आंब्याचं झाड आहे, पत्र्याची शेड आहे, आणि नरसाळ्यात पानं. नियम असा की शेजारच्या वस्तूच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब तरी मापक पाहिजे. आत छोटी लवंडणारी वाटी असते, भरली की कलंडते आणि एक नोंद होते, पानाने भोक बुजलं की बाहेर पूर आला तरी आत वाटी गप्प. दोन वर्षांपूर्वी अशा एका रात्री माझ्या घरच्या मापकात, परसात उघड्यावर, सकाळी साडेआठला ८२ भरले आणि मंडळाचा आकडा आला ३८. आता माझा मापक काय सरकारी नाही, आणि दोन ठिकाणी पाऊस वेगळा पडू शकतो हे मीच वर लिहिलंय, त्यामुळे मी छातीठोक म्हणत नाही. पण पानं काढायला कोण येतं हा प्रश्न तर विचारू शकतो ना. चुलत्याने अर्ज दिला, पोच मिळाली, पुढे काही नाही. एकीकडे डोंगरावर थेंब लेझरने मोजतायत आणि दुसरीकडे खाली वाटीत पान अडकलंय, शेजारशेजारच्या तालुक्यात.

तर साहेब माझी विनंती एवढीच. ढगफुटी छापायची असेल तर बाजूला तासाचा आकडा छापा, आणि तो नसेल तर मुसळधार लिहा, शब्द काय वाईट नाही. चोवीस तासांचा आकडा देताना पाऊस किती तास पडला तेपण टाका, कारण तीन तासातले ७१ आणि वीस तासातले ७१ यात ओढा कुठे असेल याचा फरक पडतो. वाई, पाचगणी आणि महाबळेश्वरचे रोजचे आकडे एका ओळीत शेजारी शेजारी द्या, लोक आपोआप वाचतील आणि बोलतील. आणि जमलं तर एखाद्या वार्ताहराला भर जुलैमध्ये ढगांच्या प्रयोगशाळेवर पाठवा, परवानगी वगैरे तुम्ही बघा, गाडी माझी, भाडं नको, फक्त रेनकोट त्याचा त्याने आणावा.

आपला नियमित वाचक,
एक टुरिस्ट गाडीवाला, वाई

ता.क. तुमच्या हवामानाच्या चौकटीत थेंबाचं चित्र वरून टोकदार आणि खालून गोल आहे, डोळ्यातल्या पाण्यासारखं. तसा थेंब पडत नाही. बारीक असेल तर गोळीसारखा गोल आणि मोठा असेल तर खालून चपटा पाव. ते चित्र बदलायला काय खर्च नाही.